स्वेटरवाल्याची चौकशी

पोलिसांच्या शिक्क्याची निळी शाई डिसेंबरात वाळायला अकरा सेकंद लागतात. नोव्हेंबरात हवेत ओल जास्त असते तेव्हा चौदा. इंद्रायणीने हे मुद्दाम मोजलं नव्हतं. पण दरवर्षी ठाण्यातल्या बाकावर धोंडुप आपलं नोंदणीचं पुस्तक मांडीवर उघडं धरून शिक्क्यावर फुंकर घालत बसायचा, आणि त्याचा अर्ज मराठीत भरून द्यायला सोबत गेलेल्या बाईने अशा वेळी मनातल्या मनात आकडे मोजायचे नाहीत तर करायचं काय? ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. दुसऱ्या कुणी सुपारी चघळावी तशी ती मोजायची.

यंदा शिक्का नव्हता. यंदा ॲप आलं होतं.

धोंडुप हा स्वेटरवाला, मूळचा तिबेटी. मूळचा म्हणजे त्याचे वडील नऊ वर्षांचे असताना काकाच्या पाठीवर बसून बर्फातून इकडे आले तेवढ्यापुरता. धोंडुप स्वतः मुंडगोडच्या वसाहतीत जन्मला, कानडी शाळेत शिकला, ज्वारीच्या भाकरीवर वाढला, आणि बर्फ त्याने फक्त उसाच्या रसात पाहिला होता. कागदावर मात्र बाप निर्वासित म्हणून लेकही निर्वासित. नोव्हेंबर उजाडला की तो लुधियानाच्या मालाचे गठ्ठे घेऊन हुबळीच्या बसने सोलापुरात उतरायचा आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उरकून जानेवारीच्या शेवटी परत जायचा. नऊ महिने भट्टीसारख्या तापणाऱ्या गावात स्वेटर कोण घेणार, असं परक्या माणसाला वाटेल. पण बेचाळीस अंशांत खुशाल हिंडणारा सोलापूरकर पारा पंधराच्या खाली गेला की असा हादरतो, की कानटोपी, मफलर आणि वर चादर घेतल्याशिवाय दूध आणायलाही जात नाही. धोंडुपचा धंदा या भित्रेपणावर उभा होता आणि चांगला उभा होता.

सात वर्षांपूर्वी, माल बांधता बांधता, त्याने इंद्रायणीला विचारलं होतं, “मॅडम, माझ्याशी लग्न करता का?” हातात सुतळी होती. इंद्रायणी म्हणाली होती, “विचार करून सांगते.” आणि मग ती खरोखरच विचार करायला लागली. पुढच्या नोव्हेंबरात तो आला आणि म्हणाला, “झाला का विचार?” ती म्हणाली, “चालू आहे.” तो म्हणाला, “चालू द्या, घाई नाय.” त्यानंतर दर हिवाळ्यात हाच प्रश्न, हेच उत्तर. तिने आधी आईची अडचण विचारात घेतली; पण आईच दोन वर्षांपूर्वी कंटाळून म्हणाली, “कर बाई एकदाचं, मला तरी सुटू दे.” मग त्याच्या नोंदणीच्या पुस्तकाची अडचण, मग मुंडगोडच्या नऊ महिन्यांची. एकेक अडचण सुटी घेतली की विरघळून जायची. शेवटी अडचण अशी कुठली उरलीच नव्हती; उरली होती ती फक्त विचार करण्याची सवय.

आणि नेमकं यंदा सगळं कडक झालं. परदेशी असो, निर्वासित असो की आश्रय मागणारा, प्रत्येकाची नव्याने तपासणी. दहा बोटांचे ठसे झाले, डोळ्यांचे फोटो झाले. आता उरली होती स्थानिक चौकशी: तीन साक्षीदार, तिघांचे जबाब ॲपमध्ये, आणि तिघांचे जबाब एकमेकांशी जुळायला हवेत. नाही जुळले तर फाईल वर जाणार, धोंडुप मुंडगोडला जाणार, आणि सोलापुरात पुन्हा पाऊल ठेवायचं की नाही हे वरचे कधीतरी ठरवणार. चौदा गठ्ठे केराबाईच्या खोलीत विक्रीवाचून पडले होते.

रविवारी सकाळी साडेनऊला हवालदार मानसिंग घाडगे केराबाईच्या दारात मोटरसायकल लावून आत आले.

केराबाई ही धोंडुपची घरमालकीण. माहेर-सासर दोन्ही सांगोल्याकडचं, मेंढरं राखणारं. नवऱ्यामागे पोराबरोबर शहरात आली आणि दोन खोल्यांपैकी एक दर हिवाळ्यात स्वेटरवाल्याला देऊ लागली. धोंडुपच्या मालाबद्दल तिचं मत पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं. ती गठ्ठ्यात हात घालायची, चिमटीत धागा चोळायची आणि म्हणायची, “ह्यात मेंढराचा एक क्यास न्हाय. नुस्तं पिलाष्टिक. लोकांस्नी हिमालयाचं म्हून इकतूय आन् गठ्ठ्यावर लुदियाना!” तो म्हणायचा, “आजी, हिमालयाची वाट लुधियानावरूनच जाते.” पण त्याला कुणी दुसऱ्याने नावं ठेवली तर मात्र केराबाईची जीभ अशी सुटायची की समोरच्याने रस्ता बदलावा.

घाडगे खाटेवर बसले. खाटेवर स्वेटर होते, म्हणून ते स्वेटरांवर बसले.

“गारठलासा की सायेब,” केराबाई म्हणाली आणि बिनबाह्यांचा एक तपकिरी स्वेटर त्यांच्या डोक्यातून घालायलाच निघाली.

“मावशी! नको, नको. ड्यूटीवर आहे. लाच होईल.”

“मग जाताना काडून ठिवा. अंगात हाय तवर कसली लाच?”

हा कायदा घाडग्यांना माहीत नव्हता. ते ‘नको’ म्हणेपर्यंत स्वेटर छातीपर्यंत उतरला होता. त्यांनी हात मोकळे करून मोबाइल काढला.

“हं. आधी अर्जदार. भारतात कोणत्या मार्गाने प्रवेश केला?”

“मुंडगोडच्या दवाखान्यातून,” धोंडुप म्हणाला.

“तसं नाही हो. बॉर्डर कुठली? इथे यादी आहे, यातली एक निवडावी लागते.”

“साहेब, नर्सबाईला विचारून सांगू का?”

इंद्रायणी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. तिने ओठ आत घेतले. घाडग्यांनी वडिलांची बॉर्डर टाकली. ॲपने विचारलं, प्रवेशाच्या वेळी वय? धोंडुप म्हणाला, “उणे एकोणीस.” “उणे चालत नाही,” घाडगे कळवळून म्हणाले आणि शून्य टाकलं. ते ॲपने घेतलं.

“आता साक्षीदार क्रमांक एक. केराबाई, तुम्ही यांना किती वर्षं ओळखता?”

आता केराबाईने रात्रभर मनाशी एक हिशेब पक्का केला होता. कमी सांगितलं तर पोरगं जाईल. जास्त सांगितलं तर पक्कं होईल. आपल्या माणसासाठी हात आखडता घेणं तिच्या रक्तातच नव्हतं.

“जल्मापास्नं,” ती म्हणाली.

“जन्म मुंडगोडचा आहे त्यांचा.”

“व्हय की. तितनं आनला आन् हितं वाडीवला. म्याच.”

“आजी...” धोंडुप म्हणाला.

“तू गप. सायेब मला इचारत्यात.”

“बरं. इथे राहतात किती दिवस? वर्षातले महिने सांगा.”

“बारा.”

“बारा?”

“तेरावा असता तर तेरा. हितनं हलतच न्हाय त्यो. उनाळ्यात बी हितंच, पावसाळ्यात बी हितंच. आमच्यात कोन आसं तीन म्हैन्यासाटी ठिवतंय का मानूस? आमी काय लाज हाय?” तिला लॉज म्हणायचं होतं, आणि ते सगळ्यांना कळलं.

घाडग्यांचा अंगठा थांबला. “मावशी, यांचा परवाना तीन महिन्यांचा आहे. बारा महिने राहिले तर नऊ महिने बेकायदा.”

केराबाईने दाराकडे पाहिलं. दारात सिद्धलिंग उभा होता. त्याने हाताने ‘थांबा, मी आलो’ अशी खूण केली आणि चपला काढून आत आला.

सिद्धलिंग म्हणजे समोरचा शेंगाचटणीवाला. अक्कलकोटकडचा, घरात कानडी, दुकानात मराठी, आणि धोंडुपशी बोलताना दोन्हीची मिसळ. मुंडगोडचा माणूस म्हणजे कानडी मुलखाचा, म्हणजे आपलाच, असा त्याचा सरळ हिशेब होता. तो साक्षीदार क्रमांक दोन.

“म्हातारीचं काय ऐकता सायेब,” तो बसत म्हणाला. “हे पोरगं हिच्याकडं ऱ्हातच नाय.”

“आता गं बया!” केराबाई म्हणाली.

“आमच्या घरचं आहे ते. माझ्या आईच्या माहेराकडचं. एन्री धोंडुप?”

“हौदरी,” धोंडुप सवयीने कानडीत हो म्हणाला आणि मग त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

“म्हणजे तुम्ही नातेवाईक?” घाडग्यांनी विचारलं. “तुम्ही लिंगायत, हे तिबेटी. नातं कसं?”

“लांबचं आहे,” सिद्धलिंग म्हणाला.

“किती लांबचं?”

“डोंगरापलीकडचं.”

एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण सिद्धलिंगला आता रंग चढला होता. त्याला वाटलं, एखादा असा पुरावा द्यावा की चौकशी जागच्या जागी बंद पडावी. तो पुढे झुकला. “सायेब, पक्का सोलापूरकर आहे हा. मागच्या इलेक्शनला मी सोता गाडीवर बसवून बूथवर नेला. दोघांनी बरोबर मतदान केलं.”

बाहेर कुणीतरी भांडी घासत होतं ते ऐकू आलं.

खरं तर धोंडुपने त्या दिवशी बूथबाहेर सिद्धलिंगची गाडी धरून ठेवली होती, कारण तिचा स्टँड तुटला होता. पण ॲपला स्टँड माहीत नव्हता. घाडग्यांच्या हातातला मोबाइल थरथरला आणि त्यावर लाल पट्टी आली.

“वा,” घाडगे म्हणाले. तपकिरी स्वेटरमध्ये त्यांना घाम फुटला होता. “मी आलो तेव्हा हा माणूस साधा, सरळ निर्वासित होता. त्याच्याविरुद्ध एक अक्षर नव्हतं. तुम्ही दोघांनी त्याच्यावरच्या मायेनं पंधरा मिनिटांत त्याचा घुसखोर केलात. आता एकच बाकी आहे, पंतप्रधानांशी सोयरीक सांगा.”

“ती मी सांगत होतो...” सिद्धलिंग सुरू झाला.

“नको!”

धोंडुप हसत होता. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “साहेब,” तो म्हणाला, “माझ्या वडलांना आयुष्यभर सगळे म्हणायचे, तू कुठलाच नाही. आज पहिल्यांदा तीन-तीन ठिकाणचा झालो. आता हाकललात तरी चालेल.”

त्याचं शेवटचं वाक्य थट्टेचं होतं. पण इंद्रायणीने ते खरं धरलं. हाकललात तरी चालेल. तिने तिथल्या तिथे मोजून पाहिलं: दुपारी दोनची हुबळीची बस, चौदा गठ्ठे, पाच तास. यंदा त्याने अजून तो प्रश्न विचारलाच नव्हता. आल्यापासून ठसे, फोटो आणि रांगा यातच महिना गेला होता. तो विचारणार नसेल तर ती ‘चालू आहे’ तरी कुणाला म्हणणार?

“साक्षीदार क्रमांक तीन,” घाडगे म्हणाले आणि तिच्याकडे वळले. “मॅडम, आता तुमच्यावर आहे.”

केराबाई आणि सिद्धलिंग एकाच वेळी उठले.

“बाईस्नी नगा इचारू,” केराबाई घाईने म्हणाली. “त्यांस्नी घसा धरलाय.”

“मॅडमना कॉलेजला जायचं आहे,” सिद्धलिंग म्हणाला.

“रविवारी?”

त्यांची भीती खोटी नव्हती. या बाईला खोटं बोलता येत नाही हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. सिद्धलिंगच्या एक किलोच्या चटणीच्या पुडीत नऊशे बासष्ट ग्रॅम चटणी आहे, हे तिने भर दुकानात, आठ गिऱ्हाइकांदेखत, अतिशय सौम्य आवाजात सांगितलं होतं. केराबाईच्या नातीचं बारसं होतं तेव्हा “अगदी आजीवर गेली” असं सगळे म्हणत असताना, सहा आठवड्यांच्या बाळाबद्दल असं ठरवता येत नाही, असं तिने सांगितलं होतं. ती खरं सांगणार आणि पोरगं जाणार.

इंद्रायणी स्टुलावरून उठली. तिने ओढणी नीट केली. “घसा ठीक आहे,” ती म्हणाली. “विचारा.”

“किती वर्षांपासून ओळखता?”

“बारा वर्षं, एक महिना.”

“वर्षातले किती महिने इथे असतात?”

“महिन्यांत सांगणं बरोबर होणार नाही. दिवसांत सांगते.” आणि तिने वर्गात उभी राहावी तशी हाताची घडी घातली. “पहिल्या वर्षी, दोन हजार तेरा, नऊ नोव्हेंबरला आले, तीस जानेवारीला गेले. ब्याऐंशी दिवस, दोन्ही दिवस न धरता एक्याऐंशी. चौदाला बारा नोव्हेंबर ते सव्वीस जानेवारी. पंधराला एकवीस नोव्हेंबर, कारण त्यांच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं.”

घाडगे भराभर टाइप करत होते.

“सोळाला अकरा नोव्हेंबर. नोटा बंद होऊन तीन दिवस झाले होते. कंडक्टरकडे सुटे नव्हते आणि यांच्याकडे चालणारी नोट नव्हती, म्हणून यांनी तिकिटाच्या बदल्यात कंडक्टरला मोज्यांचे चार जोड दिले. दोन काळे, दोन निळे. सतराला चौदा नोव्हेंबर. बस सव्वाचारची होती, पाच वाजून वीस मिनिटांनी आली. त्या दिवशी किमान तापमान सतरा पूर्णांक आठ होतं, त्यामुळे संध्याकाळी विक्री झाली नाही. अठराला सहा नोव्हेंबरला आले, आणि गेले...” ती थांबली. “गेले सत्तावीस जानेवारीला. रविवार होता. सकाळी दहा चाळीसला.”

धोंडुप आता हसत नव्हता.

“एकोणीसला आठ नोव्हेंबर. वीसला आले नाहीत. त्या वर्षी एकदाही आले नाहीत. एकवीसला तीन नोव्हेंबर, आजवरच्या सगळ्यात लवकर. मिशी ठेवली होती. ती पंधरा तारखेला काढली, आणि ते योग्यच झालं.”

केराबाईने पदर तोंडाला लावला होता. पदराआडून तिचे डोळे आधी इंद्रायणीकडे गेले, मग धोंडुपकडे, मग पुन्हा इंद्रायणीकडे, आणि त्या डोळ्यांत हळूहळू असं काही उजळायला लागलं की तिने शेजारच्या सिद्धलिंगला कोपराने जोरात ढोसलं. “आई गं,” सिद्धलिंग म्हणाला. त्याला अजून काही कळलं नव्हतं.

“बावीसला दहा, तेवीसला सतरा, चोवीसला पाच. यंदा बारा नोव्हेंबर,” इंद्रायणीने संपवलं. “एकाही वर्षी नव्वद दिवसांच्या वर राहिलेले नाहीत. मतदानाच्या दिवशी हे सिद्धलिंगांची गाडी धरून उभे होते, सात वाजून पन्नास मिनिटांपासून साडेआठपर्यंत. मी त्याच बूथच्या रांगेत होते, मला ते दिसत होते.”

“दिसत होते,” केराबाई हलकेच म्हणाली. “चाळीस मिन्टं.”

घाडग्यांनी आधीच्या वर्षांच्या नोंदी उघडल्या. एकेक तारीख बोटाने जुळवत गेले. ठाण्याच्या नोंदीत पंधरा सालची तारीख अस्पष्ट होती. बाकी सगळ्या बरोबर होत्या. त्यांनी मान वर केली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर चौकशी कमी आणि कुतूहल जास्त होतं.

“मॅडम, मला माझ्या लग्नाची तारीख आठवत नाही. दरवर्षी शिव्या खातो. आणि तुम्हाला एका स्वेटरवाल्याची बस किती वाजता आली हे...” ते थांबले. हुशार माणूस होता. “जाऊ द्या. केराबाई, जबाब दुरुस्त करायचा आहे का? सबमिट करायच्या आधी करता येतो.”

“करा की! म्हातारी मी, इसारले. बाई म्हंत्यात त्ये सगळं खरं. मिशीसकट.”

“सिद्धलिंग?”

“मतदान मी एकट्यानेच केलं, सायेब. नातंही नाही. डोंगरही नाही.”

घाडग्यांनी दोन ठिकाणी खोडलं, तीन ठिकाणी भरलं. लाल पट्टी गेली, पिवळी आली, मग बराच वेळ एक चाक गोल गोल फिरत राहिलं. पाचही जण त्या चाकाकडे बघत होते. मग हिरवं. सिद्धलिंगने टाळी वाजवली. केराबाईने घाडग्यांच्या अंगावरचा स्वेटर मागून खाली ओढून नीट केला, जणू नवरदेवच तो.

“जुळलं. राहा बाबा तुम्ही,” घाडगे धोंडुपला म्हणाले. “एकच रकाना उरलाय, औपचारिक. साक्षीदार क्रमांक तीन: अर्जदाराशी नातं. यात घरमालक, शेजारी, नातेवाईक, इतर एवढंच आहे. मी ‘शेजारी’ टाकतो. संपलं.”

“नका टाकू,” इंद्रायणी म्हणाली.

“का?”

“मी शेजारी नाही. माझं घर इथून सहाशे चाळीस मीटरवर आहे. मध्ये एक शाळा, एक दवाखाना आणि दोन चौक आहेत. ते चुकीचं होईल.”

“मॅडम, हिरवं झालंय हो! कोण मोजायला जातंय?”

“मी मोजलंय.”

घाडग्यांनी कपाळाला हात लावला. “बरं. मग ‘इतर’ टाकतो. पण इतर टाकलं की खुलासा मागतं. काय लिहू? अर्ज भरून देणाऱ्या?”

“तेही आहे. पण तेवढंच नाही.”

“मग काय?”

इंद्रायणीने धोंडुपकडे पाहिलं. तो गठ्ठ्याला टेकून उभा होता, आणि त्याचे ओठ जो प्रश्न विचारायला हलले, तो त्याने विचारला नाही. सात वर्षं विचारून झाला होता. आज पहिल्यांदाच तो नुसता थांबला होता. तिने मनात नेहमीप्रमाणे अडचणी चाचपून पाहिल्या. एकही हाताला लागली नाही. तिला विनाकारण हसू यायला लागलं. ते तिने आवरायचा प्रयत्न केला आणि आवरलं नाही.

“काय बाई,” केराबाई पदर सोडून ओरडली, “सांगा की आता! माजं वय झालंय!”

“अर्ज मंजूर झालाय ना? आता यात काहीही लिहिलं तरी रद्द होणार नाही ना?” इंद्रायणीने हसता हसता घाडग्यांना विचारलं.

“नाही होत. आणि याने यांना काही जास्तीचं मिळणारही नाही, हे आधीच सांगतो.”

“मला तेच हवं होतं,” ती म्हणाली. “मग लिहून घ्या. मी यांच्याशी लग्न करणार आहे.”